मामाचे दोन बुटके

देवाने माणसं घडवताना घाई केली, असं माझ्या मामाचं ठाम मत होतं. ती घाई निस्तरण्यासाठी आपली नेमणूक झाली आहे, असाही त्याचा समज होता. तो कापडदुकानांच्या काचेत उभे राहतात ते पुतळे बनवायचा. सडपातळ बायका, रुंद खांद्यांचे पुरुष, कधीच न रडणारी मुलं. त्याच्या कारखान्यात एका भिंतीला नुसते हात टांगलेले असत आणि दुसऱ्या भिंतीला नुसती डोकी. नवीन माणूस आत आला की आधी दोन पावलं मागे जायचा.

मामा स्वतः अंगाने आडवातिडवा, गालांनी लाल आणि आवाजाने घरभर. मामी त्याच्या खांद्याच्याही खाली यायची, पस्तिशीतच केस पांढरे झालेले. पण साचे ओतायचं काम तिचं. ओला साचा ती एकटी उचलायची, मामाला हात लावू द्यायची नाही. मी पुतळ्यांचे डोळे आणि पापण्या रंगवायचे. लग्न होऊन, नोकरी सोडून, परत येऊन मी तिथेच टिकले, कारण रंगवलेले डोळे उलट उत्तर देत नाहीत.

मामाला प्रश्न विचारायची सवय नव्हती. काम सांगणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तो "जमेल" म्हणायचा. एकदा एका कापडवाल्याने सांगितलं, जरा घरंदाज चेहरा हवा. मामाने सरळ आपल्या सासूचा चेहरा केला. हुबेहूब. पुढे मामी बाजारात गेली असता काचेपुढे थबकली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आई, तू इथे काय करतेस?" त्या दुकानातलं गिऱ्हाईक महिनाभरात निम्मं झालं. आत शिरण्याआधीच कोणीतरी आपल्यावर रागावलंय असं लोकांना वाटायचं.

असा हा माणूस. आणि त्याला एके दिवशी विज्ञान केंद्रातून फोन आला.

फोनवर एक तरुण खगोलशास्त्रज्ञ बाई होत्या. केंद्रात ताऱ्यांचं नवं दालन होणार होतं. त्यांना मधोमध ठेवायला एक फिरती प्रतिकृती हवी होती. "एक लाल बटू आणि एक श्वेत बटू," त्या म्हणाल्या. "जोडीने, एकमेकांभोवती फिरणारे. लांबून दिसतील असे."

"जमेल," मामा म्हणाला आणि फोन ठेवला.

महिनाभर त्याने आम्हा दोघींना त्या कोपऱ्यात फिरकू दिलं नाही. मग बाई पाहायला आल्या. सडसडीत, खांद्याला पिशवी, चष्मा सारखा घसरणारा. मामाने जादूगारासारखी चादर ओढली.

चादरीखाली दोन बुटके गृहस्थ होते. एकाच्या अंगात लाल कोट, दुसऱ्याच्या अंगात पांढरा. दोघांना मिशा. पांढऱ्याला बेताचं पोट. हातात हात घालून ते एका फिरत्या पाटावर उभे होते. मामाने कळ दाबली तसे ते गोल गोल नाचू लागले.

बाई बघत राहिल्या. मग प्लास्टरच्या पोत्यावर बसल्या आणि चष्मा काढून इतक्या हसल्या की मामीने पाण्याचा तांब्या आणला.

"आवडलं ना?" मामा म्हणाला.

"काका," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "बटू म्हणजे तारे हो. लहान आकाराच्या ताऱ्यांना बटू म्हणतात."

"ताऱ्याला बटू कोण म्हणतं?"

"सगळं जग म्हणतं."

"सगळ्या जगाने मला फोन केला नव्हता. तुम्ही केला होता."

मामीने चहा टाकला, कारण पुढे काय होणार हे तिला दिसत होतं. चहा घेत बाईंनी ती गोष्ट सांगितली. आयुष्यात मामा पहिल्यांदाच कोणाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकत होता. मध्ये मध्ये तोंड घातलंच, पण ऐकलं.

आधी ते दोघे साधे तारे असतात, बाई म्हणाल्या. एक मोठा, एक लहान आणि तांबूस. मोठा आपलं इंधन भसाभसा जाळतो. लहान मात्र कवडीचुंबक, थोडं थोडं पुरवून खातो. विश्वाचं आजवर जेवढं वय झालं त्याच्या कितीतरी पट तो जगणार. मोठ्याचं इंधन संपत आलं की तो फुगतो. इतका फुगतो की शेजारचा लहान त्याच्या पोटातच जातो.

"गिळतो?" मामा म्हणाला.

"जवळजवळ. लहान त्याच्या पोटात फिरत राहतो, त्या घुसळण्याने आत आत सरकतो. शेवटी मोठ्याचं सगळं बाहेरचं अंग उधळून जातं. उरतो नुसता गाभा. पांढरा, तापलेला, पृथ्वीएवढा लहान. पण वजन सूर्याच्या निम्म्याहून जास्त. त्याचा चमचाभर ऐवज एका हत्तीला भारी होईल. तो श्वेत बटू. आणि लाल त्याच्या इतक्या जवळ आलेला असतो की काही तासांत दोघांची एक फेरी पुरी होते."

"म्हणजे आधी गिळलं, मग स्वतःच फुटला, आणि तो बारका पोटातून शाबूत बाहेर?"

"शाबूत. पण मग पांढरा त्याच्या अंगावरचा वायू ओढून घेऊ लागतो."

"अरे वा! गिळता आलं नाही म्हणून आता चोखतोय." मामाने बशी ठेवली. "बाई, हे तारे आहेत की माझे सासुरवाडीचे लोक?"

मामीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने बशी परत उचलली.

बाईंनी मापं सांगितली. लाल गोळा मिठीत मावेल एवढा केला तर पांढरा जेमतेम गोटीएवढा, आणि मधलं अंतर दोन हात. गोटीच्या जागी झगझगीत दिवा. लाल आतून मंद उजळलेला. इथवर ठीक होतं. मग त्या म्हणाल्या, "आणि फिरायचा खिळा गोटीजवळ. लाल गोळा लांबून फिरेल, गोटी जागच्या जागी लहानसा फेरा घेईल."

"उलटं सांगताय. लहान मोठ्याभोवती फिरतं. पोरंसुद्धा आईभोवती फिरतात."

"इथे लहान जास्त जड आहे."

"गोटी?"

"गोटी. तसलं जड द्रव्य आपल्याकडे नाही, म्हणून गोटीच्या बाजूला दांडीखाली शिसं बांधा. नाहीतर तोल जाईल."

मामाने मान हलवली. ती मान मी ओळखत होते. तिचा अर्थ होता, बोलून घ्या.

खिळा त्याने बाईंनी सांगितला तिथेच ठोकला, कारण त्या येऊन बघणार होत्या. लाल गोळा फायबरचा, पोकळ. तो त्याने हाताने घासून घासून इतका गोल केला की त्यात तोंड दिसावं. एका जुन्या पाण्याच्या पंपाची मोटर जोडली. शिसं मात्र बांधलं नाही. "एवढी नाजूक वस्तू," तो मला म्हणाला, "आणि तिच्या बुडाला ते बोचकं लोंबकळणार? पुतळ्याच्या कंबरेला कोणी वरवंटा बांधतं का?"

"मामा, त्या म्हणाल्या होत्या की तोल..."

"तोल माझ्या हातात असतो. तू पापण्या रंगव."

उद्घाटनाला प्रमुख पाहुणे आले होते. नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत. भाषणं झाली. केंद्राचे संचालक तीनदा म्हणाले की ही गौरवाची बाब आहे. बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, मामा प्रतिकृतीशेजारी नवऱ्यामुलासारखा उभा. पाहुण्यांना एक दांडा दिला होता, वेग कमीजास्त करायला. हळू फिरवायचं असं त्यांना सांगितलं होतं. पण हातात दांडा आल्यावर कुठला पाहुणा हळू फिरवतो?

आधी छान फिरलं. लोक "वा" म्हणाले. मग बैठक डुगडुगली. मग मोटर कण्हू लागली, खिळा कुरकुरला. संचालक कोणाला तरी खूण करत होते तेवढ्यात लाल गोळा दांडीवरून सुटला, टप्पा घेतला, आणि घरंगळत थेट प्रमुख पाहुण्यांच्या मागे लागला. पाहुणे भिंतीकडे पळाले. गोळाही भिंतीकडे गेला. पोकळ असल्यामुळे कोणाला लागलं काहीच नाही, पण रंग अजून पुरता वाळलेला नव्हता.

सगळं सभागृह श्वास रोखून उभं. आणि मामाने दोन्ही हात वर करून खणखणीत आवाजात जाहीर केलं, "घाबरू नका! आकाशात असंच होतं! ह्याला स्फोट म्हणतात!"

मागच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत बाईंनी तोंड ओंजळीत लपवलं होतं. त्या रडताहेत असं मला वाटलं. पुढे बऱ्याच दिवसांनी त्यांनी सांगितलं की लालवरचं द्रव्य पांढऱ्यावर जातं, हे इतकं स्पष्ट कोणीच करून दाखवलं नव्हतं.

पण तो दिवस हसण्याचा नव्हता. संचालकांनी मामाला सगळ्यांदेखत सुनावलं. हे भंगार उचला, इथे आता पडदा लावू, पडद्यावरचे तारे निदान कोणाच्या अंगावर जात नाहीत. मामाने गोळा मिठीत उचलला. घरी आला, जेवला नाही. दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात खाली मान घालून काम करू लागला आणि आठवडाभर फक्त डावे हात केले. भिंतीवर डाव्या हातांची रांग लागली. मामीने एकदाच विचारलं, "उजवे कोण करणार?" तो म्हणाला, "ज्याला तोल कळतो तो करेल." त्या घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. ती मला त्याच्या आवाजापेक्षा जड वाटली.

मग बाई आल्या. मामाने वर पाहिलं नाही.

"काका, संचालकांना मी सांगितलंय, एकदा आणखी करून बघू."

"माझ्याच्याने नाही व्हायचं. मी माणसं करतो. तीही उभी असलेली."

बाई त्याच्यासमोर बसल्या, लॅपटॉप उघडून त्याच्यापुढे सरकवला. "हे बघा. खरी जोडी. मी चार वर्षं हिच्याच मागे आहे."

मामाने चष्मा शोधला, डोकं पुढे काढलं. पडद्यावर ठिपक्यांची एक आडवी रेघ होती. मध्येच ती कड्यावरून पडावी तशी सरळ खाली आली होती, थोडा वेळ तळाशी चालून तशीच सरळ वर गेली होती.

"जोडी कुठाय?"

"हीच."

"ही रेघ आहे. फोटो दाखव की पोरी." अहोजाहो कधी गळून पडलं ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

"फोटो नाही. इतक्या जवळच्या जोडीचे दोन तारे वेगवेगळे कोणालाच दिसत नाहीत. सगळ्यांत मोठ्या दुर्बिणीतूनसुद्धा एकच ठिपका दिसतो. तो ठिपका मध्येच एकदम अंधुक होतो. कारण पांढरा लालच्या मागे जातो. तो इतका लहान आहे की दिवा बंद करावा तसा क्षणात झाकला जातो. म्हणून रेघ अशी सरळ पडते. आणखीही मोजमापं असतात, पण सगळी त्या एका ठिपक्याचीच."

मामा बराच वेळ रेघेकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे मी जे केलं ते जगात कोणीच पाहिलेलं नाही?"

"नाही."

"तूसुद्धा?"

"मीसुद्धा नाही. म्हणूनच तर करून हवंय."

"मग माझं चुकलं हे तू कशावरून म्हणतेस?" मामाचा आवाज परत आला होता. मामीने साच्याआडून माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा सैल झाला.

"चुकलं म्हणून तर ते पाहुण्यांच्या अंगावर गेलं," मामी बाहेर येत म्हणाली. तिने कोपऱ्यातला झाडू उचलला आणि बोटावर आडवा धरला. "बोट कुठे आलं बघा. मधोमध आलं का? जड बाजूकडे आलं. आता तुम्ही खिळा ठोकलात इकडे आणि वजन ठेवलंत तिकडे. वर विचारता चुकलं कुठे! त्या पोरीने शिसं बांधा सांगितलं होतं. बांधलंत?"

"दिसायला वाईट..."

"भिंतीवरचा पाहुणा फार चांगला दिसत होता."

त्या दिवशी शिसं आलं. मामीनेच ते वितळवून ओतलं, आणि दांडीखाली असं बसवलं की काळ्या कापडाआड कोणाला दिसू नये.

ह्यानंतरचे दोन महिने मामा आणि बाईंची भांडणं ऐकण्यासारखी होती. बाई रोज संध्याकाळी यायच्या. काका म्हणायच्या ते आता मामा म्हणू लागल्या, आणि मला नवी मावसबहीण मिळावी तसं झालं. त्यांनी उजेड मोजायचं एक छोटं यंत्र आणलं होतं. ते प्रतिकृतीसमोर ठेवलं की मामाच्या ताऱ्यांची रेघ पडद्यावर उमटायची. मामाची रेघ उतरणीवरून बैल उतरावा तशी खाली यायची. खऱ्या जोडीचा मात्र कडेलोट. "तुमचा दिवा मोठा आहे, मामा." मामा दिवा बदलायचा. "आता कडेने उजेड झिरपतोय." मामा कड काळी करायचा. मग एकदा त्या चाचरत म्हणाल्या, "एक राहिलं. लाल गोळा खरं तर पुरता गोल नसतो."

मामाने हातातला पॉलिशपेपर खाली ठेवला.

"पांढऱ्याच्या ओढीने त्या बाजूला जरा निमुळता होतो. पाण्याच्या थेंबासारखा."

"मी हा आरशासारखा गोल घासला तेव्हा कुठे होतीस तू?"

"तेव्हा तुम्ही इतके खूश होतात..."

मामाने बाईंना, ताऱ्यांना आणि एकूण आकाशाला जे काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग त्याने करवत घेतली. नवा गोळा केला तो किंचित थेंबासारखा, आणि तो निमुळता भाग कुठे सुरू होतो हे हाताला कळायचं, डोळ्याला नाही. पुतळ्याच्या मानेचा उतार घडवण्यात आयुष्य गेलं होतं त्याचं. बाई त्यावरून हात फिरवत राहिल्या.

दुसऱ्यांदा उद्घाटन नव्हतं. संचालक, बाई, आम्ही तिघं आणि दालन झाडायला आलेले दोघे एवढेच. दिवे मालवले. गोटीएवढा पांढरा दिवा डोळ्यांत शिरत होता. लाल गोळ्याची त्याच्याकडची बाजू उजळलेली, पाठ काळसर. मोठा गोळा लांबून सावकाश वळत आला, आणि गोटी त्याच्या मागे गेली. आम्ही उभे होतो ती सगळी बाजू सुरीने कापावी तशी तांबूस अंधारात गेली. झाडूचा आवाज थांबला. मग कडेने एक टिंब फुटलं आणि लख्ख झालं. पडद्यावर रेघ कड्यावरून पडली होती आणि सरळ वर चढली होती. मामाने नाक ओढलं आणि दालनात फार धूळ आहे म्हणाला. झाडणाऱ्यांना त्याचा राग आला.

"बघ," तो थोड्या वेळाने मामीला म्हणाला, "हा लाल म्हणजे मी, आणि ती पांढरी तू."

"मेलेला तारा म्हणजे मी होय?"

"पण मामी, जास्त जड तोच असतो," बाईंनी सावरून घ्यायचा प्रयत्न केला.

"आणि वर जड!" मामी म्हणाली, आणि रिक्षापर्यंत एकटीच पुढे चालत गेली.

पुढच्या वर्षी बाई दूर एका मोठ्या दुर्बिणीवर काम करायला गेल्या. निरोप घ्यायला आल्या तेव्हा मामा मुद्दाम चिडचिडा झाला होता. थंडीचे कपडे घेतलेस का, तिकडची माणसं धड बोलतात का, असं काहीबाही विचारत होता. जाताना त्याने त्यांना एक हात दिला. खरा नव्हे, केलेला, उजवा. बाईंनी तो पिशवीत घातला. बोटं बाहेर राहिली. विमानतळावर त्यांना त्याबद्दल बराच खुलासा करावा लागला म्हणे.

पुतळ्यांची कामं करता करता मामा आता दर आठवड्याला केंद्रात जायचा, खिळ्याला तेल घालायचा, आणि तेल घालून झालं तरी तिथेच उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्यांना माहिती द्यायचा. त्यातली बरीच खरी असे. "हा पांढरा आधी मोठा माणूस होता," अशी सुरुवात व्हायची. संचालकांनी त्याला दोनदा समज दिली. लोक मात्र पडदे सोडून इकडे गर्दी करत.

अशाच एका दुपारी बाईंचा फोन आला. आवाज धापा टाकत होता. "मामा, आपली जोडी भडकली! पांढऱ्याभोवती साठलेला वायू एकदम तापला. कितीतरी पट उजळलीय. कालपासून आम्ही सगळे तिच्याकडेच बघतोय."

मामाने फोन ठेवला, चपला घातल्या आणि तडक केंद्रात गेला. वाटेत भेटेल त्याला सांगत होता. न्हाव्याला, औषधवाल्याला, ओळख नसलेल्या एका म्हाताऱ्याला. सगळ्यांनी अभिनंदन केलं. घरात मूल झालं असावं असं त्यांना वाटलं.

केंद्रात त्याने संचालकांना सांगितलं, आज दिवा वाढवायला हवा. संचालक म्हणाले, अजिबात नाही. मामाने मान हलवली.

त्या संध्याकाळी केंद्रातून आम्हाला बोलावणं आलं. मामाने गोटीच्या जागी कुठून तरी नाटकाच्या रंगमंचावरचा दिवा आणून लावला होता. लोक सांगत होते की क्षणभर सगळं दालन दुपारच्या उन्हासारखं पांढरं झालं, लाल गोळा केशरी पेटल्यासारखा दिसला, मुलं किंचाळली, आणि मग एक फट्‌ आवाज होऊन तारे, पडदे, पंखे, तिकीटखिडकी आणि संचालकांची केबिन, सगळीकडे अंधार. शेजारच्या इमारतीचीही वीज गेली होती.

मामा बाहेर पायरीवर बसला होता. त्याला महिनाभर केंद्रात पाऊल टाकायला बंदी झाली होती. तोंडावर काजळी, भुवया करपलेल्या, आणि आनंद मावत नव्हता. मामीने त्याच्याच खिशातून रुमाल काढून त्याचं तोंड खसाखसा पुसलं. आम्ही तिघं चालत निघालो.

"केवढी लांब आहे हो ती जोडी?" थोडं चालल्यावर मामीने विचारलं.

"पोरगी म्हणाली होती, तिथला उजेड इथे यायला काही शे वर्षं लागतात."

मामीने हिशेब केला. चालता चालता थांबली.

"म्हणजे हा भडका तुमच्या पणजोबांच्या पणजोबांच्याही आधी झाला. विझूनही गेला. आणि तुम्ही फ्यूज आज उडवलात?"

"अगं, बातमी आज आली ना!" मामा म्हणाला. "उशिरा कळलं म्हणून माणसाने खूश व्हायचं नाही की काय?"

मामी पुटपुटली की खूश व्हायला भुवया जाळाव्या लागत नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र तिने मला रंगाची पेटी घेऊन बोलावलं, आणि त्याच्या भुवया परत येईपर्यंत मी रोज सकाळी त्या त्याच्या कपाळावर रंगवत होते. पुतळ्यांपेक्षा मामा जास्त हलायचा, त्यामुळे एक नेहमी वर राहायची.